कूलरचं तोंड

फाटकाची कडी वाजली तसा दीपक खुर्चीवरून उठला, कूलर एका बाजूनं थोडा उचलला आणि त्याचं तोंड आईच्या खाटेकडे वळवलं.

उचलावा लागायचा, कारण खालच्या लोखंडी घोडीचं एक चाक अडकायचं. पण आता ते अंगवळणी पडलं होतं. पाहुणा ओट्यावर चपला काढून 'हायेत का घरी' म्हणेपर्यंत झोत लॅपटॉपवरून निघून खाटेवर पोचलेला असायचा. शालूबाईही काही कमी नव्हत्या. मुलगा उठला की त्या कपाळाला चिकटलेले केस मागे सारायच्या, पदर नीट करायच्या आणि झोताकडे तोंड करून डोळे किंचित मिटायच्या. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी सकाळपासून अशीच हवेत पडून आहे.

आज आले होते शेजारचे गुलाबराव. हातात केळी. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये एवढं ते पाळत. बसलं की लवकर उठावं हे मात्र पाळत नसत.

"कसं हाये आता, शालूबाई?"

"बरं हाये, बाप्पा. हाड जुळलं म्हणते डॉक्टर. वॉकर धरून न्हाणीलोक जातो मी आता."

"कूलर जबर हाये."

"राखीनं धाडला. अन् हा पोरगा दिवसभर माह्याकडंच लावून ठेवते. म्या म्हणलं, तुले घे ना थोडा, तं ऐकतच नाही."

दीपकनं मान वर केली नाही. असं बोल म्हणून त्यानं आईला कधीच सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा कूलर वळवला त्या दिवशी आईनंच ते आपणहून पाहुण्यांच्या कानावर घातलं होतं, आणि दीपकला तेव्हा इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं की रात्री घास उतरला नव्हता. पण लाजेचंही कसं असतं बघा. दुसऱ्या वेळी ती जरा कमी झाली, आणि त्यानंतर तर आई ते वाक्य कधी टाकते याची तो वाटच पाहू लागला.

गुलाबराव गुडघ्याच्या डॉक्टरांवर आले. मग त्यांच्या साडूच्या गुडघ्यावर आले. इकडे लॅपटॉपचा पंखा ओरडू लागला होता, धान्य संपल्यावरही गिरणी चालू ठेवावी तसा. पडद्यावर मोताळ्याच्या एका नवरीची हळद होती आणि तिच्या खाली रेंडरची, म्हणजे व्हिडिओ किती तयार झाला ते दाखवणारी, हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. दीपक तिच्याकडे बघत होता आणि मनात म्हणत होता, उठा काका, उठा आता. काका उठले नाहीत. पडदा काळा झाला.

"काय झालं रे?"

"काही नाही काका. गरम झाला अन् बसला."

"माणसाले सोसत नाही हे ऊन, तं मशीनले काय सोसन," गुलाबराव म्हणाले आणि केळ्याच्या घडातलं एक केळं स्वतःच सोलून खाऊ लागले.

ते गेल्यावर दीपकनं कूलर पुन्हा टेबलाकडे फिरवला. लॅपटॉप उपडा केला, पोटावर हात ठेवला, चटका बसला तसा काढला.

"सुरू होईन का?" खाटेवरून शालूबाईंनी विचारलं.

"होईन."

"मी त्याइले लवकर लावून देत होतो, पर ते गुलाबराव..." असं म्हणून त्या ओशाळवाणं हसल्या, जणू चूक त्यांचीच होती.

दीपकनं कानात हेडफोन घातला.

लॅपटॉप त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. बिजागरी तुटून चिकटपट्टीवर आलेली, बॅटरी केव्हाच मेलेली, वायर निघाली की खेळ खलास. आणि काम म्हणावं तर लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून सजवायचं. बुलढाण्याच्या देवानंदचा फोटो स्टुडिओ होता. तो शूटिंग करायचा, दीपक घरी बसून एडिटिंग करायचा. आज मंगलाष्टकं, उद्या त्रिशरण-पंचशील, परवा कुणाचं रिसेप्शन. लग्नसराई सगळी उन्हाळ्यातच, आणि लॅपटॉपला सोसत नव्हता तो नेमका उन्हाळाच. बरं, हे घाटावर असतं तर एक वेळ निभावलं असतं. रोहिणखेड घाटाखाली. इथं भिंतीसुद्धा संध्याकाळपर्यंत तापून राहतात. रात्री काम करावं म्हटलं तर रात्रीच्या विजेचा भरवसा नाही.

त्यानं काय करायचं बाकी ठेवलं होतं? लॅपटॉपखाली बाटल्यांची झाकणं ठेवली. आईचा मसाल्याचा पाटा धुऊन त्यावर ठेवला. दगड गार असतो, पण थोड्या वेळानं पाटाही तापला. बर्फाची पिशवी ताटात ठेवून त्यावर ठेवला, तर ताटात पाणी साचलं. बुलढाण्यात दुरुस्तीवाल्याकडून पंखा साफ करून आणला, आतली उष्णता ओढणारी पेस्ट बदलून आणली. तो म्हणाला, आता नवीनच पाहा. नव्याचं दीपकच्या मनात होतंच, पण मध्येच आई ओसरीवर घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मनातलं मनातच राहिलं.

मग राखीनं कूलर पाठवला. आईसाठी. एका दुपारी लॅपटॉप तीनदा बसला तेव्हा आई झोपली आहे असं पाहून दीपकनं तो थोडा वेळ टेबलाकडे वळवला. लॅपटॉप मुकाट चालला. थोड्या वेळाचा दिवस झाला आणि दिवसाचा उन्हाळा. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला होता, दमट हवेनं आतला बोर्ड जाईल. म्हणून दीपक कूलरमध्ये पाणीही टाकेनासा झाला. म्हणजे पाहुण्यांसमोर शालूबाईंच्या अंगावर जो झोत यायचा तो नुसता गरम वाऱ्याचा. त्यातही त्या डोळे मिटून समाधानाचं तोंड करायच्या.

गुलाबराव येऊन गेले त्या संध्याकाळी राखीचा फोन आला. ती दीपकची थोरली बहीण, अमडापूरला दिलेली. बोलणं तुटक. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर म्हणाली, "मी उद्या दुपारी येऊन राह्यली. आईचं तथी नीट होत नसन तं घेऊन जातो मी तिले."

"काऊन? मी नाही का अथी?"

"पाहू उद्या," राखी म्हणाली आणि फोन ठेवला.

आई चार दिवस लेकीकडे जाते ती गोष्ट वेगळी. पण आजारी, अंथरुणावरची आई मुलाच्या घरातून उचलून लेकीनं जावयाच्या दारात नेली, तर गावात तोंड काढायला जागा उरत नाही. बापाच्या माघारी एक माय नाही सांभाळता आली का, असं कुणी तोंडावर म्हणणार नाही. पारावर म्हणतील, आणि तो जवळ आला की गप्प होतील. त्यानं ठरवलं, सकाळीच कूलरमध्ये पाणी टाकायचं, तोंड खाटेकडे करायचं आणि ताई आहे तोवर टेबलाकडे बघायचंसुद्धा नाही. एवढा एक दिवस निभावला की झालं.

सकाळी देवानंदचा फोन. मोताळ्याचं रिसेप्शन आजच संध्याकाळी, पडद्यावर लावायला हळदीचा व्हिडिओ हवाच. दीपकनं रेंडर पुन्हा पहिल्यापासून लावला, कूलर टेबलाकडे केला. ताई दुपारच्या गाडीनं येईल, तोवर होऊन जाईल, असा हिशेब. तेवढ्यात आठवलं, बहीण येतेय आणि घरात आंबे नाहीत.

"आई, मी जाऊन येतो. कोणी आलं तं..."

"कोणी नाही येत एवढ्यात," शालूबाई म्हणाल्या. "जा तू."

चांगले आंबे मिळायला वेळ लागला. परत आला तर ओट्यावर राखीच्या चपला होत्या.

तिनं सकाळचीच गाडी धरली होती. दीपक दारात उभा राहिला. कूलर टेबलाकडे तोंड करून घरघरत होता आणि समोर लॅपटॉप ऐटीत बसला होता. पलीकडच्या भिंतीला खाट. खाटेच्या कडेला राखी बसली होती आणि कॅलेंडरचा पुठ्ठा हातात घेऊन आईला वारा घालत होती. कूलर फिरवणं तिला काही जड नव्हतं. तिनं फिरवला नव्हता.

"ये," ती म्हणाली. "उन्हातून आला. पाणी पे आधी."

"ताई, तू तं दुपारी..."

"लवकर भेटली गाडी."

"आत्ताच फिरवला त्यानं तिकडं," शालूबाई घाईनं म्हणाल्या. "मीच म्हणलं. थंडी वाजे मले."

राखी उठली. कूलरजवळ गेली, बाजूच्या गवताच्या ताटीला हात लावला. गवत चुरचुरलं आणि थोडा भुसा तिच्या बोटांना लागला. तो तिनं पदराला पुसला.

"थंडी," ती एवढंच म्हणाली आणि परत येऊन पुठ्ठा हलवू लागली.

दीपक आंब्यांची पिशवी घेऊन उभाच होता. राखी ओरडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्यालाही काही बोलता आलं असतं. लॅपटॉप बंद पडला तर खायचं काय, आईची औषधं कुठून आणायची, हे सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. पण कुणी विचारलंच नाही तर ते सांगायचं कुणाला? एवढ्यात रेंडर संपल्याची 'टिंग' वाजली, आणि नको नको म्हणताना त्याची नजर टेबलाकडे गेली. राखीनं ती जाताना पाहिली. दीपकला वाटलं, आत्ता जमीन फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

राखीनं पाणी आणलं आणि ओल्या फडक्यानं आईची पाठ पुसायला घेतली. दीपक आत स्वयंपाकघरात जाऊन उगाच आंबे धूत बसला.

"पावडर हाये का घरात?" राखीनं खाटेजवळूनच विचारलं. "पाठ लाल झाली सारी. घामोळ्यानं."

पावडर नव्हती. तो दुकानातून घेऊन आला, दाराआडून तिच्या हातात दिली आणि ओट्यावर बसला.

जेवणं झाली. आंबरस झाला, तो कुणीच पुन्हा मागितला नाही. हात धुताना राखी म्हणाली, "दीपक, एक इचारू? टेबल तिकडं काऊन ठेवलं? खाटीजवळ ठेवलं असतं तं दोघाइले झोत भेटला असता."

"बोर्ड तिकडल्या भिंतीले हाये ना."

राखीनं खाटेखाली पाहिलं. तिथं लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड गुंडाळी करून ठेवलेला होता, त्यावर धूळ बसली होती. तिनं तो पाहिला आणि दीपकनं तिला पाहताना पाहिलं.

टेबल आधी खाटेजवळच होतं. आई दवाखान्यातून आली तेव्हा त्यानंच ते तिथं लावलं होतं, तिला सोबत म्हणून. शालूबाईंना त्या लग्नांचा भारी नाद लागला. उशीवरून मान वळवून त्या पडद्यात बघत बसायच्या. हे कुठचं रे लगन? ही पोरगी काऊन रडून राह्यली, आवडला नाही का तिले नवरा? अरे, हे तं भगवंतरावाची नात, दाखव बरं पुन्हा. एकदा पाहिलेली वरमाई त्या दुसऱ्या लग्नात पाहुणी म्हणून ओळखायच्या आणि तिची साडी तीच आहे असं सांगायच्या. दीपक हं हं करायचा. मग एकदा देवानंदशी फोनवर कामाचं बोलणं चालू असताना त्यांनी मध्येच मोठ्यानं हाक मारली, दीपक, मले न्हाणीत जायचं हाये, लवकर. तिकडे देवानंद हसला. वाईट हसला नाही, सहजच हसला, म्हणाला, जा बाबा आधी. पण दीपकला कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं टेबल उचलून पलीकडच्या भिंतीला लावलं आणि हेडफोन घेतला. आईला म्हणाला, लॅपटॉपची गरम हवा तुझ्या अंगावर येते. हे तर त्यानं कूलर यायच्याही आधी केलं होतं. कूलरचं कुणाला कळलं असतं तरी सांगण्यासारखं काहीतरी होतं. टेबलाचं सांगण्यासारखं नव्हतं.

ऊन उतरल्यावर राखीनं आईची पिशवी भरायला घेतली. तिच्या दिराची गाडी बुलढाण्याहून इकडे येत होती, ती परत जाताना दोघींना नेणार होती. म्हणजे ते आधीच ठरलेलं होतं.

"ताई, नको ना नेऊ," दीपक म्हणाला. "गाव काय म्हणन."

"गावाले मी काय सांगू?"

"मले माहीत हाये, चुकलं माहं."

राखीनं लुगड्याची घडी घातली, पिशवीत ठेवली. "मले नको सांगू," ती म्हणाली आणि न्हाणीतून वॉकर आणायला गेली.

दीपक खाटेजवळ आला आणि खाली बसला. लहानपणी बसायचा तसा, फरशीवर. शालूबाई छताकडे बघत होत्या.

"आई, कूलरमध्ये पाणी टाकतो मी आत्ता. अन् तुह्याकडंच राहीन तो, बंद पडला लॅपटॉप तं पडू दे. नको जाऊ तू."

"कूलरचं काय घेऊन बसला, बापा," शालूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "साऱ्या उन्हाइत निंदण-खुरपण केलं म्या. मले उन्हाचं काय हाये."

"मंग?"

त्यांनी टेबलावरच्या हेडफोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "तू ते कानात घालून बसतं. म्या हाका मारल्या तं तुले ऐकू जात नाही. भिंतीशी किती बोलू? म्हणून राखीले फोन लावो मी रोज, तू अंघोळीले गेला की. ती पोरीच्या शाळेचं सांगे, म्हशीचं सांगे. परवा मीच म्हणलं तिले, ये अन् घेऊन जाय मले."

दीपकला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. ताई आपणहून आली, आई बिचारी आपल्याला झाकत होती, असंच तो सकाळपासून धरून चालला होता. त्यानं खाटेच्या लाकडाला हात लावला आणि तसाच ठेवला.

"तू म्हणलं?"

"हाव," शालूबाई म्हणाल्या. "तुहं तुह्या जागी बरोबर हाये. काम नाही करशीन तं कसं होईन. पर माहा दिवस जाता जात नाही, दीपक."

त्याला पुष्कळ काही म्हणायचं होतं. टेबल आणतो इकडे, हेडफोन फेकतो, सगळी लग्नं पुन्हा पहिल्यापासून दाखवतो. पण हे सगळं आता, पिशवी भरून झाल्यावर म्हणणं म्हणजे निव्वळ निलाजरेपणा झाला असता. तेवढं त्याला कळलं. शालूबाईंनी हात लांब केला आणि त्याच्या डोक्यावरून फिरवला, आणि त्याला तोही सहन होईना.

गाडी आली. राखीनं पिशवी नेली, जाताना म्हणाली, "कूलर राहू दे तुह्याजवळ. घाटावर नाही लागत." तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर दीपकला बरं वाटलं असतं.

शालूबाई एका हातानं वॉकर आणि दुसऱ्या हातानं मुलाचा दंड धरून निघाल्या. ओट्याच्या पायऱ्यांवर त्यानं त्यांना पाठीमागून आधार दिला, तशा त्या अंग चोरून म्हणाल्या, "पाठीले नको धरू. दुखते." त्यानं हात काढला आणि काखेखाली धरलं. किती हलकी झाली होती ती. एवढ्या दिवसांत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

गाडी दिसली की गल्लीत माणसं जमतातच. बाया दारात आल्या, गुलाबराव ओट्यावरून उतरून फाटकापाशी येऊन उभे राहिले.

"निघाल्या का, शालूबाई? अमडापूरले?"

शालूबाई थांबल्या. श्वास घेतला. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरीनं लय जीव काढला, म्हणून चाललो. तिच्या मनाले वाईट नको वाटाले. नाही तं मले काय कमी हाये अथी? माह्या पोरानं एक हाक वाया नाही जाऊ दिली माही."

राखीनं गाडीचं दार धरलं होतं. तिनं मान फिरवून दुसरीकडे पाहिलं.

दीपकनं आईला सीटवर बसवलं, पाय आत घेतले, पदर दारात अडकत होता तो आत सारला. त्या त्याच्याकडे बघून हसल्या. गाडी वळली आणि मशिदीच्या बाजूनं घाटाच्या रस्त्याला लागली. बाया आपापल्या दारात परतल्या.

गुलाबरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"नशीबवान हायेस गड्या," ते म्हणाले. "आजकाल कोणती माय अशी गुण गाते पोराचे?"

दीपकनं रस्त्याकडे पाहिलं. सांगायचं असतं तर आत्ताच सांगायला हवं होतं. ऐकायला माणूस होता, आणि आई आता मध्ये बोलायला नव्हती.

"हाव, काका," तो म्हणाला.